सुपारीएवढं वळण

जनूकाका तारी यांच्या खिशात कायम एक सुपारी आणि हापूसचा एक वाळलेला बाठा असायचा. सुपारी ते खात नसत आणि बाठा ते पेरणार नव्हते. या दोन वस्तूंच्या जोरावर हा माणूस आमच्या किनाऱ्यावरच्या एकूण एक होडीचे कागद सांभाळत होता, असं मी म्हटलं तर तुम्ही मला वेड्यात काढाल. मीही त्यांना वेड्यात काढलं होतं. नुसतं काढलं नव्हतं, छापून गावोगाव वाटलं होतं.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि आमच्या संघटनेची पत्रकं लिहीत होते. पत्रकाची रीत सोपी असते. पहिल्या ओळीत आरोप, शेवटच्या ओळीत मागणी, मधे दम. त्या वर्षी आमच्या किनाऱ्यावर एक मोठं बांधकाम येऊ घातलं होतं, आणि जाहीर झालं होतं की ज्यांच्या होड्या जुन्या नोंदीत सापडतील त्यांनाच किनाऱ्यावर होडी ओढायचा हक्क राहील. बाकीच्यांनी होडी डोक्यावर घेऊन उभं राहायचं. जुन्या नोंदवह्या वाळवीने खाल्ल्या होत्या. सीडीवर काढलेली प्रत होती, तिला बुरशी आली होती. उरली एकच जागा. ओरोसला मच्छीमार सोसायट्यांच्या संघाचं ऑफिस आहे, त्याच्या मागच्या खोलीतला सर्व्हर.

सर्व्हर म्हणजे मोठा संगणक. हा एका लोखंडी कपाटात होता. वरच्या खणात संगणक, खालच्या खणात बारा डिस्कांची पेटी, आणि दोघांना जोडणाऱ्या केबली. कपाटापुढे स्टुलावर जनूकाका. पदनाम, कंत्राटी संगणक सहायक.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा ते एका केबलीच्या वळणात सुपारी धरून एक डोळा मिटून बघत होते.

“काका, होड्यांची यादी पाहिजे होती. अर्ज दिलाय.”

“गुरवारी ये.”

“आज का नाही?”

“आज वळाण काढतंय.”

हे वळण काढणं म्हणजे काय ते त्यांनी मला न विचारता अर्धा तास सांगितलं. केबल कितीही वाकवता येत नाही. वाकवली तर ती हातात मोडत नाही, आतल्या आत दुखावते, आणि मग डिस्ककडून निघालेली माहिती संगणकापर्यंत धड पोचत नाही. म्हणून बारीक केबलीचं वळण सुपारीपेक्षा लहान नको आणि जाड केबलीचं बाठ्यापेक्षा लहान नको. “बारकेक सुपारी, जाडेक बाठो,” असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. संघाच्या शिपायालासुद्धा हे पाठ होतं.

“खाडीच्या पलीकडच्या माणसाक तू हाक मारलंस, तर ती पोचता,” ते म्हणाले. “मधी डोंगराचा कोपरा इलो तर अर्धी पोचता. अर्धी पोचण्यापरास न पोचलेली बरी गो. न पोचली तर माणूस परत मारता. अर्धी पोचली तर समोरचो भलताच कायतरी समाजता.”

केबलींना त्यांनी माशांची नावं दिली होती. जुन्या संगणकातली रुंद, चपटी पट्टी म्हणजे लेपो. नवी, जाड, गोल केबल म्हणजे वाम. “लेप्याचो जमानो गेलो. हल्ली सगळो कारभार वामीचो. वेग बघ तिचो! पण मिजासखोर. वायच गळो आवळलंस की रुसता.” गळा आवळण्याच्या प्लास्टिकच्या पट्ट्या बाजारात मिळतात, एकदा ओढल्या की कापल्याशिवाय सुटत नाहीत. जनूकाका त्यांना फासाची दोरी म्हणत. ते स्वतः जाळं विणायच्या लाकडी सुईने, जाळ्याच्या दोऱ्याने केबली बांधत. गाठ सैल. बोट आत गेलं पाहिजे.

आणि प्रत्येक केबलीला हातभर ढील. ती ढील एवढी बाहेर फुगलेली असायची की कपाटाचं दार लागत नसे. आठ महिने ते दार उघडं होतं. संघाच्या अध्यक्षांना ही गोष्ट फार खुपायची. पाहुणे आले की ते दारापुढे उभे राहून बोलत.

मी गुरुवारी गेले. जनूकाका म्हणाले, सोमवारी ये. सोमवारी गेले तर म्हणाले, “एक केबल लांब पडता. अर्ध्या वावाची व्हयी, त्येनी पुऱ्या वावाची धाडली. लांब केबलीत माल वाटेत घुटमळता. परत धाडलंय. ती येयसर माका पडद्यार झुरळासारख्यो चुको दिसतत. यादी काढलंय तर चुकीची येतली.” चुका तर मला त्यांच्यात दिसत होत्या. आमच्या किनाऱ्यावर माणसं रोज सकाळी उठून होडी जागेवर आहे का ते बघत होती, आणि हा गृहस्थ दोन्ही हात पसरून वावाने केबलीची लांबी मोजत होता.

चौथ्या खेपेला मी त्या खोलीत शिरले आणि जागीच थांबले. खोलीबाहेर चपलांची रांग. आत कपाटापुढे जनूकाका उभे, हातात पेटलेली उदबत्ती. ती ते डिस्कांच्या पेटीपुढून डावीकडून उजवीकडे सावकाश नेत होते. मागे संघातल्या परबबाई डोळे मिटून हात जोडून उभ्या. त्यांच्यामागे शिपाई. कपाटाच्या पत्र्याला कुंकवाचं बोट. वर जास्वंदीचं फूल. खाली, देवाशपथ सांगते, नारळ.

“काय चाललंय हे?” मी ओरडले.

परबबाईंनी एक डोळा उघडला. “हळू बोल गो. सोमवार आहे.”

मी तशीच उलटपावली निघाले आणि ओरोसहून येणाऱ्या गाडीत मांडीवर वही ठेवून पत्रक लिहून काढलं. मथळा होता, ‘संगणकाला उदबत्ती, गरिबाला तारीख!’ त्यात मी जनूकाकांना अंधश्रद्धेचा सरकारमान्य पुजारी म्हटलं. ते सरकारी नव्हते, संघाचे होते, पण लयीत बसत होतं. शेवटी मागणी केली की हा पुजारी हटवा आणि कपाट जाणत्या माणसाच्या हाती द्या.

पत्रक गाजलं. पहिली ओळ लिहिली तेव्हापासून मला हवं होतं तसं ते हातोहात गेलं. अध्यक्षांनी ते वाचलं, आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणा अध्यक्षाने माझी मागणी चार दिवसांत मान्य केली. जनूकाकांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. जाणता माणूस म्हणून अध्यक्षांचा भाचा आला. तो घरांच्या वायरिंगची कामं करायचा.

भाच्याने एका सकाळीत कपाट सुतासारखं सरळ केलं. सगळ्या केबली एकत्र ओढून त्यांचा जुडगा केला, उरलेल्या लांबीची घडी घालून वेणीसारखी गुंडाळली, पाच ठिकाणी प्लास्टिकच्या पट्ट्या कचकचून ओढल्या, आणि दार ढकललं. खट् झालं. आठ महिन्यांत पहिल्यांदा दार लागलं. अध्यक्षांनी दारासोबत फोटो काढून घेतला.

जेवणाच्या सुट्टीनंतर तिसऱ्या नंबरची डिस्क दिसेनाशी झाली. चहाच्या वेळी सातवी. संध्याकाळी संघ बंद होताना पडद्यावर जे काही उमटत होतं ते वाचून भाचा घामाघूम झाला. दुसऱ्या दिवशी त्याने कोल्हापूरच्या कुणा इंजिनिअरला फोन लावला. तिकडून सल्ला आला की सगळी पेटी कोरी करून नव्याने मांडा. कोरी म्हणजे कोरी. होड्यांसकट.

ते सोमवारी करायचं ठरलं. आमची सुनावणीही सोमवारी होती.

मला हे परबबाईंनी सांगितलं. शनिवारी सकाळी संघाच्या पायरीवर उभ्या राहून, आणि सांगताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

“झालं समाधान? आधी कोणाची हिंमत नव्हती त्या कपाटाला हात लावायची. तू लिहिलंस ना, देवबिव काही नाही म्हणून? आता शिपाई त्याच्यावर डबा ठेवतो.”

“पण बाई, पूजा करून डिस्क चालते का?”

“अगो, पूजा आम्ही करत होतो. ते वारा बघत होते!”

उदबत्तीचा धूर. पेटीच्या पंख्यांनी तो पुढून ओढून घ्यायचा आणि मागून बाहेर टाकायचा. जिथे धूर अडखळेल तिथे एखादी केबल वाऱ्याच्या वाटेत आली आहे, असं समजायचं. जनूकाका पहिल्यांदा उदबत्ती घेऊन उभे राहिले तेव्हा परबबाईंनी हात जोडले. दुसऱ्या सोमवारी त्या फूल घेऊन आल्या. जनूकाकांनी फूल बघितलं, परबबाईंकडे बघितलं, आणि पुन्हा धूर बघू लागले.

“तुम्हांला हे कधी कळलं?”

“ते गेल्यावर. जाताना उदबत्तीचा पुडा माझ्याकडे देऊन गेले, धूर कसा बघायचा ते सांगून.” बाईंनी पदराने नाक पुसलं. “मी तरी पूजा करीन. माझी इच्छा.”

मी मिठबावची गाडी पकडली.

जनूकाकांचं घर गावाच्या टोकाला, माडांच्या मागे, सखल जागेत. मोबाईलला तिथे रेंज नव्हती. खळ्यात शिरले आणि आधी डोकं वाकवावं लागलं, कारण डोक्यावरून वायर जात होती. टेलिफोनची वायर. खांबावरून आलेली ही वायर घरात शिरून गप बसली नव्हती. वाशावाशाला जाळ्याच्या दोऱ्याने सैल बांधलेली, प्रत्येक कोपऱ्यावर गोल वळण घेत ती ओटीवर आली होती, तिथून चुलीपाशी, तिथून मागच्या दाराने बाहेर पडून न्हाणीघराकडे, आणि शेवटी दोन बांबूंवरून विहिरीकडे. चार ठिकाणी चार फोन. विहिरीवरचा फोन कट्ट्यावर ठेवून वर लोखंडी घमेलं उपडं घातलं होतं. घरात माणूस एक.

तो माणूस ओटीवर बसून केबली तपासत होता. शेजाऱ्यांच्या घरात जिथे जाळी टांगतात तिथे यांच्या खुंट्यांवर केबली टांगलेल्या, एकेक मोठी, ऐसपैस वेटोळी.

“पत्रक बरां होता,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “पुजारी शब्द चुकलो. आमी तारी, होडयेवाले. पूजा करणारे येगळे.”

मी माफी मागायला गेले होते. मला माफी मागायची सवय नाही, त्यामुळे मी सरळ डिस्कांचं सांगितलं. तिसरी गेली, सातवी गेली, पाच पट्ट्या, वेणी.

वेणी म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटले.

“मेल्यान वामीची येणी घातल्यान?”

“हो. आणि सोमवारी सगळं पुसणार आहेत.”

“डिस्को गेल्यो नाय गो, चेडवा. त्येंका हाक आयकाक येना नाय.” ते उठले. “पण घडी घातलेली केबल परत सरळ केलंस तरी उपेग नाय. दुसरी घालूक व्हयी.”

मग त्यांनी खुंटीवरून एकेक केबल उतरवायला सुरुवात केली. डोळे मिटून, दोन बोटांच्या चिमटीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवत. “ही नको, हिका कोणीतरी दारात चेपलेली आसा. ही लांब. ही... ही दिसाक बरी, पण शेवटाक कुरकुरता.” एक तास गेला. माझ्यासाठी त्यांनी कोकमाचं सरबत केलं, ते करतानाही चिमटीत केबल होतीच. शेवटी चार निवडल्या, त्या टॉवेलात सैल गुंडाळल्या आणि पेटीत झोपवल्या. ठेवल्या असं मी लिहिणार नाही. झोपवल्याच.

“उद्या आयतवार. संघ बंद, कोण मधे येवचो नाय. परबबायकडे चावी आसा. सकाळच्या गाडयेन जातंय,” ते म्हणाले. “पण माझ्यो दोन अटी.”

“बोला.”

“उदबत्तीचा खरा काय तां छापूचा नाय.”

मी उसळले. मी चुकीचं छापलं होतं. खुलासा करणं हे माझं कर्तव्य होतं. तो मी मनात लिहूनही ठेवला होता, मथळ्यासकट.

“छापलंस की कपाटार डबे सुरू. गेले चार सोमवार नारळ फुटतहा म्हणान कोण हात लावी नाय होतो. माका पगार नको, पहारो नको. परबबायचो नारळ पुरे.”

मी, जिने देवळाच्या दारात उभं राहून पत्रकं वाटली, मी त्या ओटीवर बसून कबूल केलं की एका लोखंडी कपाटाची पूजा चालू राहू देईन. आज हे लिहितेय कारण ते कपाट आता भंगारात गेलंय आणि परबबाई निवृत्त झाल्यात.

“दुसरी अट?”

इथे जनूकाका पहिल्यांदा अडखळले. त्यांनी सुपारी काढली, तळहातावर फिरवली.

“माझी सुलू मुंबयत नर्स आसा. कामात असता. वेळ गावलो की ह्या घरात फोन करता. जास्त करून आयतवारी. पाच घंट्यो वाजवता, नाय उचललंय तर समाजता बाबा भायर गेले. मगे परत करणा नाय. तिका तरी खंय येळ?” त्यांनी विहिरीकडे हात केला. “एकदा मी विहिरीर होतंय. धावलंय. चवकटीत पोचलंय आणि बंद. त्येच्यानंतर म्हयनोभर नाय इलो. मगे वायर वाढयलंय.”

“तुम्ही का नाही करत तिला?”

“वार्डात फोन घेवक देनत नाय. आणि ती कामार असताना बापूस कित्याक मधे?” त्यांनी सुपारी खिशात टाकली. “उद्या तू हयसर बस. घंटी वाजली की उचल. पाचीच्या आत.”

आमच्या किनाऱ्यावरच्या सगळ्या होड्यांच्या बदल्यात एवढंच मागितलं होतं. मी हो म्हटलं, आणि ती शनिवारची रात्र शेजारच्या घरी काढली.

रविवारी सकाळी ते पेटी छातीशी धरून गाडीत बसले. मी त्यांच्या ओटीवर बसले. तुम्ही कधी चार फोनांमध्ये दिवस काढलाय? मी भात टाकला, पण कान ओटीवर. पाणी ओढायला गेले, घमेलं उचलून फोन जागेवर आहे ना ते बघितलं. न्हाणीघरात गेले तर तिथला फोन माझ्याकडे बघत होता. मधेच मला भीती वाटली की तारच तुटली असेल, म्हणून रिसीव्हर उचलला, घरघर ऐकली, आणि लगेच ठेवला. तेवढ्या दोन क्षणांत तिने लावला असेल तर? त्या विचाराने मी पुढचा अख्खा तास त्या फोनपाशी बसून काढला.

आणि सगळा वेळ यादी. त्यांना जमलं का? डिस्क दिसल्या का? किनाऱ्यावरची माणसं उद्या काय दाखवणार? ओरोसहून एक फोन करायला काय जात होतं या माणसाचं? बारा वाजले. दोन वाजले. चार वाजले. माझा संताप परत पूर्वीसारखा पेटला. माझ्या मनात नवं पत्रक तयार होऊ लागलं.

साडेपाच वाजता घंटी वाजली. मी विहिरीवर होते. घमेलं उडवलं आणि दुसऱ्या घंटीला उचललं.

“हॅलो! सुलू?”

“मी गो, मी. जनू.” मागे परबबाई कुणाला तरी प्रसाद घ्या म्हणत होत्या. “सुलूचो फोन इल्लो?”

“नाही. काका, यादी? यादीचं काय झालं?”

“ती? ती धा वाजताच इली. बाराच्या बारा डिस्को बोलाक लागल्यो. छापून गठ्ठो केलंय, परबबायकडे आसा. एकूण एक होडी.”

“दहा वाजता?” मी ओरडले. “काका, दहा वाजता आली आणि तुम्ही मला आत्ता सांगताय? मी इथे दिवसभर...”

“मी फोन केलंय असतंय तर लाईन अडाकली असती ना गो. तेवढ्यात तिचो येवचो असलो तर? पाच वाजता तिची ड्युटी सुरू होता. आता काय ती करूची नाय. म्हणान आता केलंय.”

दहापासून साडेपाचपर्यंत हा माणूस हातात यादी घेऊन, हाताशी फोन असताना, नुसता बसून होता.

“खरांच नाय इलो?” त्यांनी परत विचारलं. “तू भात-बीत करी होतंस, तेवा?”

“नाही, काका. मी एकही घंटी चुकवली नाही. वाजलीच नाही.”

मग ते म्हणाले,

“मगे बरां झाला. म्हणजे माझो फोन चुकलो नाय.”

आणि त्यांनी फोन ठेवला. लाईन मोकळी राहावी म्हणून.

यादी दुसऱ्या दिवशी सुनावणीत ठेवली, मान्य झाली. त्याचं पत्रक मी लिहिलं, ते तुमच्यापैकी कुणी वाचलंही असेल. पण त्या रविवारी संध्याकाळी मला परत जायला गाडी होती. मी ती सोडली. घमेलं फोनवर नीट पालथं घातलं आणि त्यांची गाडी येईपर्यंत तिथेच, हात पोचेल एवढ्या अंतरावर बसून राहिले.